टक्-टक् करणारी हार्ड डिस्क, एसएसडी आणि वीस वर्षांची कीर्तनं

इंदूरच्या रामबागेतल्या एका काकांचा प्रश्न आहे. लॅपटॉप २०१८ सालचा, आठव्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, ४ जीबी रॅम, १ टीबीची हार्ड डिस्क; त्यातली १८० जीबीच भरलेली. बटण दाबल्यापासून कामाला लागेपर्यंत सात मिनिटं जातात. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क सतत १०० टक्के दिसते. महिन्याभरापासून मधूनच टक्-टक् आवाज येतो. दुकानदार म्हणाला, नवीन घ्या. पुतण्या म्हणाला, हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी (चिपवर डेटा ठेवणारी डिस्क) टाका. लॅपटॉपमध्ये काकांची वीस वर्षांची कीर्तनाची टिपणं आहेत, श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या प्रोग्राममध्ये टाइप केलेली, आणि सूनबाईंचं टॅली आहे. एसएसडीनं खरंच फरक पडेल का, डेटा आणि फॉन्ट शाबूत राहतील का, आणि हे घरी जमेल का, असं त्यांनी विचारलं आहे.

काका, आधी तो लॅपटॉप बंद करा. खरंच बंद करा, आणि पुढचं दुसऱ्या कुठल्या तरी पडद्यावर वाचा. सात मिनिटांच्या दुखण्यावर एसएसडी हेच औषध आहे, त्यात मला शंका नाही. पण तुमच्या प्रश्नात मला टोचला तो टक्-टक् आवाज.

हार्ड डिस्कच्या आत चकती मिनिटाला ५४०० फेरे घेत असते आणि वाचणारं हेड तिच्यापासून काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असतं. चकतीवर जागोजागी खुणा असतात, त्या वाचून हेडला आपण कुठे आहोत ते कळतं. खूण सापडली नाही की हेड मागे जाऊन पुन्हा येतं, पुन्हा शोधतं. ते मागे-पुढे जाणं आपल्याला टक्-टक् ऐकू येतं. अशी डिस्क आठवडाभर चालेल किंवा आज संध्याकाळी थांबेल, कुणी सांगू शकत नाही. आणि विंडोज सुरू होताना डिस्कवर हजारो ठिकाणी वाचतं-लिहितं. तुमच्या डिस्कमध्ये जो काही दम उरला आहे, तो विंडोज सुरू करण्यात घालवू नका. तो टिपणं बाहेर काढायला वापरायचा आहे.

हे मी इतकं ठासून सांगते, त्याला कारण आहे. बारा-तेरा वर्षांपूर्वी राजेंद्रनगरातल्या एक ताई माझ्याकडे असाच लॅपटॉप घेऊन आल्या होत्या. आईच्या आवाजातली गाणी त्यात होती. आई दोन वर्षांपूर्वी गेलेल्या. मी डिस्कची तब्येत न बघता सरळ क्लोन (आख्ख्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल) लावला. क्लोन करणारा प्रोग्राम खराब जागेवर अडकला आणि तीच जागा पुन्हा पुन्हा वाचत राहिला. ६१ टक्क्यांवर डिस्क एकदा जोरात खडखडली आणि थांबली, ती कायमचीच. गाण्यांचा फोल्डर दोन जीबीचासुद्धा नव्हता. आधी तेवढाच उचलला असता तर दहा मिनिटांचं काम होतं. त्या ताई मला एक शब्द बोलल्या नाहीत, पण ते अजून माझ्या मनातून जात नाही. तेव्हापासून माझ्या टेबलावर कुठलीही डिस्क आली की आधी तब्येत, मग महत्त्वाचा फोल्डर, आणि बाकी सगळं त्यानंतर.

तेव्हा तुमचं पहिलं काम म्हणजे डिस्क लॅपटॉपमधून बाहेर काढणं (उघडायचं कसं ते पुढे सांगते) आणि अडीच इंची यूएसबी केसमध्ये घालून पुतण्याच्या कॉम्प्युटरला जोडणं. अशी केस सिल्व्हर मॉलमध्ये किंवा जेल रोडवर सहज मिळते, यूएसबी ३.० ची घ्या. त्या कॉम्प्युटरवर क्रिस्टलडिस्कइन्फो हा फुकट प्रोग्राम उघडा. वर निळ्या रंगात 'गुड' आलं तर हायसं वाटेल, पिवळं 'कॉशन' आलं तर घाई करा. पण नुसत्या रंगावर जाऊ नका, खालच्या यादीत तीन ओळी बघा: ०५, सी५ आणि सी६. ०५ म्हणजे डिस्कनं खराब ठरवून बदललेल्या जागा. सी५ म्हणजे ज्या वाचता येत नाहीत पण अजून बदललेल्या नाहीत अशा जागा. सी६ म्हणजे वाचण्याचा प्रयत्न करूनही न वाचलेल्या. तिन्हींसमोर शून्य हवं. आकडे सोळाच्या पायावर दिसतात, त्यामुळे शेवटी ए, बी सारखी इंग्रजी अक्षरं दिसली तर गोंधळू नका. फंक्शन मेनूतल्या ॲडव्हान्स्ड फीचरमधून ते साध्या दशमान आकड्यांत करून घेता येतात. सी५ शून्याच्या वर असेल तर क्लोन हा शब्दच काढू नका.

डिस्क जोडल्यावर कॉम्प्युटरनं ४८ आकडी किल्ली मागितली तर घाबरू नका. २०१८ च्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये विंडोजनं मालकाच्या नकळत डिस्क कुलूपबंद केलेली असते. ज्या मायक्रोसॉफ्ट खात्यानं तुम्ही लॅपटॉप वापरता, त्या खात्यात इंटरनेटवरून शिरलात की ती किल्ली मिळते. कागदावर उतरवून ठेवा.

आता फायली उचलायच्या. आधी कीर्तनाचा फोल्डर, एकटाच. तो उतरला की लगेच पेनड्राइव्हवर दुसरी प्रत. त्यानंतर, काका, फॉन्ट. ही गोष्ट मराठीत टाइप करणाऱ्या कित्येकांच्या लक्षात येत नाही. श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टांत किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेलं युनिकोड (प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत) नसतं. फाइलमध्ये खरं तर इंग्रजी अक्षरांचेच क्रमांक असतात आणि फॉन्ट त्यांना 'क', 'ख'चं रूप देतो. फॉन्ट नाही तर तुमचं सगळं कीर्तन इंग्रजी अक्षरांची खिचडी होऊन बसेल. म्हणून सी ड्राइव्हमधल्या विंडोज फोल्डरात फॉन्ट्स नावाचा फोल्डर आहे, तो आख्खा उचला. श्रीलिपीची सीडी, लायसन्सचा कागद, डोंगल (यूएसबीत लावायची लायसन्सची किल्ली) असेल तर तो, सगळं एका पिशवीत ठेवा. आणि नवीन डिस्कवर सगळं बसलं की एकेक फाइल उघडून वर्डमधून पीडीएफ करून ठेवा. पीडीएफमध्ये फॉन्ट आतच राहतो, मग ती कुठेही, कधीही उघडली तरी मराठीच दिसते. वीस वर्षांच्या टिपणांना हे करायला चार संध्याकाळी लागतील. लागू देत.

त्यानंतर फोटो आणि शेवटी यूझर्समधला तुमच्या नावाचा पूर्ण फोल्डर. कॉपी एखाद्या फाइलवर अडली तर 'स्किप' करून पुढे चला, त्याच फाइलवर हट्ट धरू नका. खूपच ठिकाणी अडत असेल तर थांबा आणि माझ्यासारख्या कुणाकडे द्या. आम्ही जीएनयू डीडीरेस्क्यू वापरतो. तो आधी सहज वाचता येणारा भाग उचलतो, खराब जागा सोडून देतो, कुठे काय राहिलं त्याची नोंद ठेवतो आणि सगळ्यात शेवटी त्या जागांकडे परततो. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवा, हळूच आपटा, झाकण उघडून बघा, असले सल्ले कानांवर आले तर ऐकू नका. काही नॅनोमीटरच्या फटीत धुळीचा एक कण गेला तरी चकती ओरखडते.

टॅलीचं थोडं वेगळं आहे. सूनबाईंना कंपनीचा बॅकअप वेगळा घ्यायला सांगा. टॅलीचं लायसन्स मशीनशी बांधलेलं असतं, म्हणून सगळा डेटा बाहेर आल्यावर, आणि मगच, जुनी डिस्क एकदा परत लावून लायसन्स 'सरेंडर' करायचं, म्हणजे परत जमा करायचं. ती सुरू झालीच नाही तर लायसन्स रीसेट करून घेण्याची सोय आहे, पैसे बुडत नाहीत.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. फरक पडतो का? ५४०० फेऱ्यांच्या डिस्कला एक फेरा पुरा करायला ११ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे साडेपाच. त्याआधी हेडला योग्य पट्ट्यावर सरकायला आणखी बारा-एक. एका जागेला साधारण साडेसतरा मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला पन्नास-साठ जागा, बस्स. विंडोज सुरू होताना छोट्या छोट्या हजारो फायली मागतं. त्या रांगेचं नाव टास्क मॅनेजरमधलं १०० टक्के. एसएसडीत फिरणारं काहीच नाही, सगळा कारभार चिपमध्ये, त्यामुळे तीच हजारो वाचनं सेकंदाभरात होतात. तुमचा प्रोसेसर या सगळ्यात नुसता बसून असतो हो. आठव्या पिढीचा आय-फाइव्ह पत्रं, टॅली, इंटरनेट, व्हिडिओ यांना आजही पुरून उरतो. माझ्या टेबलावरून असे लॅपटॉप वीस-पंचवीस सेकंदांत सुरू होऊन बाहेर पडतात. नवीन घ्यायची गरज मला तरी दिसत नाही.

रॅम मात्र ४ जीबीवर ठेवू नका. स्लॉट असेल तर ८ करा, डीडीआर४ लागेल. रॅम कमी पडली की विंडोज डिस्कलाच रॅमसारखं राबवतं.

एसएसडी घेताना आधी जागा बघायची, मग दुकान. जुन्या डिस्कच्या जागी बसणारी अडीच इंची साटा (हार्ड डिस्कच्याच जोडणीची) एसएसडी तुमच्या लॅपटॉपला नक्की चालेल. ती ७ मिलिमीटर जाडीची असते. जुनी डिस्क साडेनऊची असेल तर सोबतची प्लास्टिकची चौकट चिकटवायची, नाहीतर हलत राहते. पण २०१८ च्या पुष्कळ मॉडेलांत मदरबोर्डवर एम.२ चा रिकामा स्लॉटही असतो, २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब पट्टीसाठी. इथे लोक फसतात. स्लॉट दिसतो एकसारखा, पण काही स्लॉट फक्त साटा जातीची पट्टी ओळखतात, काही एनव्हीएमई (जास्त वेगाची जोडणी), काही दोन्ही. तुमच्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल कंपनीच्या साइटवर असतं, त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं. त्याशिवाय पट्टी विकत घेऊ नका. आणि ती पट्टी दाबून धरणारा बारीक स्क्रू बहुतेक लॅपटॉपमध्ये आधीपासून नसतो, तो दुकानातूनच मागून घ्या. नाहीतर घरी पोचल्यावर एवढ्याशा स्क्रूसाठी पुन्हा फेरी होते.

एनव्हीएमई बसत असेल तर बसवा, पण साटावर भागवावं लागलं तर हळहळू नका. साटा सेकंदाला ५५० एमबीपर्यंत जाते, तुमच्या पिढीच्या लॅपटॉपात एनव्हीएमई ३५०० पर्यंत. मोठमोठे व्हिडिओ इकडून तिकडे हलवताना तो फरक दिसेल, वर्डची फाइल उघडताना तुम्हाला कळणारसुद्धा नाही. हार्ड डिस्कवरून एसएसडीवर येणं हीच मोठी उडी आहे.

तुमची १८० जीबी भरलेली आहे, ५०० जीबी घ्या. विंडोज ती ४६५ दाखवेल. कंपनी हजाराच्या हिशेबानं मोजते आणि विंडोज १०२४ च्या, कुणी फसवलेलं नाही. भाव महिन्यागणिक बदलतात, म्हणून आकडा लिहीत नाही. मात्र बाजारभावाच्या निम्म्यात २ टीबी देणारा कुणी भेटला तर हात जोडून पुढे चला. असल्या डब्यात छोटी चिप असते आणि ती खोटा आकडा सांगते. भरत गेलं की जुन्या फायलींवरच नव्या लिहिल्या जातात. शंका आली तर एचटूटेस्टडब्ल्यू नावाचा प्रोग्राम पूर्ण डिस्क भरून परत वाचून बघतो. एसएसडी लवकर झिजते ही भीतीही मनातून काढा. सॅमसंगची ८७० ईव्हीओ ५०० जीबी घ्या उदाहरणाला: ३०० टीबी लिहीपर्यंत किंवा ५ वर्षं, जे आधी होईल तिथपर्यंत वॉरंटी. रोज २० जीबी लिहिलंत, आणि तुम्ही तेवढं लिहिणार नाही, तरी ३०० टीबीला चाळीस वर्षं लागतील.

उघडण्याचं काम पुतण्याला द्या, पण शेजारी बसा. टेबलावर पांढरी चादर पसरा. कागदावर लॅपटॉपच्या पाठीचं चित्र काढा आणि निघालेला प्रत्येक स्क्रू त्या-त्या जागी चिकटपट्टीनं चिकटवा. हे लहान मुलांचं काम वाटेल, पण लांब स्क्रू आखूड भोकात गेला की तळहाताखालच्या पृष्ठावर टेंगूळ येतं, कधी बोर्डलाच टोचतो. एखाद-दोन स्क्रू रबरी पायांखाली लपलेले असतात, आणि डीव्हीडी ड्राइव्ह असेल तर ती आधी बाहेर सरकवावी लागते. झाकण निघत नसेल तर जोर लावू नका, एक स्क्रू राहिलेला आहे असं समजा. मुदत संपलेलं एटीएम कार्ड फटीत घालून हळूहळू फिरवा, क्लिपा एकेक करून सुटतात. झाकण निघालं की सगळ्यात आधी बॅटरीचं कनेक्टर काढायचं. आपल्या माळव्यातल्या कोरड्या थंडीत स्वेटर घालून हे काम करू नये. नळाच्या धातूला हात लावून मग बसावं, अंगातली स्थिर वीज उतरते.

हार्ड डिस्क धातूच्या छोट्या चौकटीत असते, बाजूला चार स्क्रू. ती चौकट नव्या एसएसडीला लावायची आहे, टाकून देऊ नका. डिस्कपासून बोर्डापर्यंत कागदासारखी पातळ पट्टी गेलेली असते. बोर्डाकडच्या टोकाला तिला धरून ठेवणारी काळी किंवा पांढरी प्लास्टिकची कडी असते, नखाच्या पांढऱ्या टोकाएवढी. काही कड्या दारासारख्या वर उघडतात, काही दोन्ही कडांनी किंचित बाहेर सरकतात. भिंगातून बघा आणि ती कुठल्या जातीची आहे हे ओळखल्याशिवाय हात लावू नका. ही कडी तुटली की एसएसडीचं पंधरा मिनिटांचं काम बोर्डावरच्या सोल्डरिंगपर्यंत जातं. माझ्याकडे 'घरी करून बघितलं' म्हणून जे लॅपटॉप येतात, त्यांत सगळ्यात जास्त हीच कडी तुटलेली असते. तुमच्या मॉडेलमध्ये पट्टीच्या ऐवजी डिस्क थेट खाचेत बसत असेल तर सुटलात, ती आडवी सरळ ओढायची.

तुमच्या बाबतीत मी क्लोन न करता विंडोज नव्यानं टाकायला सांगेन. आजारी डिस्कचा क्लोन केला की तिच्यातल्या अर्धवट वाचलेल्या फायलीही सोबत येतात, आणि विंडोज मग कुठेतरी विनाकारण अडखळत राहतं. शिवाय विंडोज १० चं समर्थन १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलं. तुमचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसतो, तेव्हा एकदाच त्रास घेऊन ११ टाका. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल घ्या, ८ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह तयार करा. इन्स्टॉल करताना जुनी डिस्क कुठेही जोडलेली नको, म्हणजे चुकून तीच पुसली जायचा प्रश्नच उरत नाही. नवी डिस्क 'अनॲलोकेटेड स्पेस' म्हणून दिसेल, तिला निवडून 'नेक्स्ट' म्हणा, भाग-बिग पाडत बसू नका. लायसन्स मदरबोर्डशी जोडलेलं असतं, तुमचं विंडोज अस्सल असेल तर इंटरनेट मिळताच ते आपोआप चालू होईल. की विचारली तर 'माझ्याकडे की नाही' निवडा. वायफाय दिसलं नाही तर फोन यूएसबी केबलनं जोडून टेदरिंग (फोनचं इंटरनेट लॅपटॉपला देणं) चालू करा, तेवढ्यावर काम भागतं.

एसएसडी लागल्यावर डीफ्रॅगचे (फायलींचे विखुरलेले तुकडे एकत्र लावणारे) जुने प्रोग्राम वापरू नका. विंडोज आठवड्याला स्वतःच ट्रिम करतं, म्हणजे पुसलेल्या फायलींची जागा मोकळी झाली असं एसएसडीला कळवतं. दहा-पंधरा टक्के जागा मोकळी ठेवा. आणि एक फरक लक्षात असू द्या: हार्ड डिस्क टक्-टक् करून सांगते तरी, एसएसडी बहुतेक वेळा काहीच न सांगता जाते. ट्रिममुळे एकदा पुसलेली फाइल तिच्यातून परत काढणंही जवळपास अशक्य असतं.

म्हणून कीर्तनाच्या फोल्डरची एक प्रत पेनड्राइव्हवर घरी आणि एक पुतण्याकडे राहू द्या. जुनी डिस्क यूएसबी केसमध्येच ठेवा, वर कागद चिकटवून आजची तारीख आणि 'पुसू नये' असं लिहा. तिच्यावर नवीन काही साठवू नका. सगळी टिपणं पीडीएफ होऊन, प्रत्येक फाइल तुम्ही स्वतः उघडून बघेपर्यंत ती कपाटात असू द्या. कॉपी करताना फार फायली अडल्या, तर डिस्क तशीच मऊ कापडात गुंडाळून घेऊन या, रविवारी सकाळी मी घरीच काम करत असते.